दसऱ्याला आमचे हे पळतात

आमच्या यवतमाळात कोणत्याही पानठेल्यावर जा आन् जुन्या दादा लोकांची गोष्ट काढा. ज्यांचा तेव्हा जन्म बी झाला नव्हता, ते पोट्टे असे सांगतील जसं काही स्वतः तिथं तलवार धरून उभे होते. अमक्याची बुलेट वाजली की अख्खी गल्ली शटर खाली घे, तमक्याचा मटक्याचा अड्डा पोलिसाले बी सापडला नाही. आन् मग हमखास येते ती गोष्ट, "अबे, तो टॉकीजवाला पहिलवान! ज्यानं इंदरदादाले थापड मारली!"

पहिलवान! माय वो माय! ऐकून मले हसू बी येते आन् राग बी येते. तो पहिलवान म्हणजे आमचे हे, नंदकिशोर. बस स्टँडकडच्या टॉकीजमधे गेटकीपर होते. लग्नात मले हार घालताना यांचे पाय लटलट कापत होते, आन् हे म्हणे पहिलवान.

झालं असं. तेव्हा टॉकीजमधे बायांची बसायची जागा वेगळी राहे, मधे लाकडी कठडा. तिथं कोणी माणूस घुसला की बाया ओरडत आन् मालक गेटकीपरवर डाफरे. त्या दिवशी मालकाच्या शिव्या खाऊन यांचं डोकं आधीच तापलेलं. अंधारात बायांच्या मधे एक आडदांड माणूस बसून राह्यलेला. यांनी उठ म्हटलं, तो उठला नाही. परत म्हटलं, तरी नाही. दिली ठेवून एक. आन् मग टॉर्च मारला! अवो, टॉर्च आधी मारायचा राह्यते, थापड नंतर. पण आमच्याकडे सगळंच उलटं.

समोर इंद्रजीत. ज्याचं नाव काढलं की रडतं लेकरू चूप होत होतं, तो इंदर. त्यानं बाजूच्या म्हातारीचा हात धरला आन् मुकाट्यानं बाहेर निघून गेला.

हे घरी आले आन् आधी दाराले कडी घातली. म्हणे, "कुंदे, तू बाभुळगावले माहेरी जा. मी काही वाचत नाही." मी कायले जाऊ? अख्खं गाव वाट पाहत होतं, आज मारते का उद्या. पण काहीच झालं नाही. मग दसरा आला. संध्याकाळी दार वाजलं, मी उघडलं, तं इंदर उभा. पांढरा सदरा, हातात आपट्याची पानं.

आता दसऱ्याची आमची रीत अशी की लहान माणूस मोठ्याच्या घरी जाते, सोनं देते, पाया पडते. आन् दारात आलेलं सोनं परत धाडत नसतात, मग आणणारा वैरी का असेना. मी हात पुढे केला. "मोठेभाऊ आहेत का, वहिनी?" त्यानं विचारलं. मोठेभाऊ मागच्या दारानं केव्हाच पसार झाले होते.

तेव्हापासून दरसाल हेच. तो पुढच्या दारानं येणार, हे मागच्या दारानं पळणार. मी सोनं घ्यायची, चिवडा पुढे करायची, तो चिमूटभर तोंडात टाकून निघून जायचा. मी यांना म्हणे, अवो, माणूस पाया पडाले येते, एकदा तं समोर या. तं हे म्हणत, "सोनं द्याले नाही येत तो. थापड विसरला नाही, हे सांगाले येते." पालथ्या घड्यावर पाणी!

दिवस गेले. टॉकीज बंद पडली, तिथं मंगल कार्यालय झालं. इंदरच्या संगतीतले काही मेले, काही जेलात गेले, काही नेते झाले. इंदर एकटाच राह्यला, पण दसरा त्यानं कधी चुकवला नाही.

यंदा दिवे लागले तरी दार वाजलं नाही. हे मागच्या दाराशी चपला घालून तयारच! थोड्या वेळानं आतबाहेर करू लागले. "कुंदे, काहून आला नसंल?" शेजारच्या रोशनले विचारलं तेव्हा समजलं, इंदरले लकवा मारला, उमरसऱ्याले लेकीकडे पडून आहे. औषध घेत नाही, डॉक्टर म्हणते असंच राह्यलं तं काही खरं नाही.

यांचा चेहरा पार उतरला. म्हणे, "तो गेला तं त्याच्या मनात काय होतं, ते मले कधीच नाही समजणार."

"मग चला. यंदा आपण सोनं घेऊन जाऊ."

"मी त्याच्याहून मोठा आहे. मोठा जात नसते."

"आन् पळताना हे मोठेपण कुठं गेलतं?" मी म्हटलं आन् ऑटो बोलावला.

दार त्याच्या लेकीनं, बबितानं उघडलं. आम्हाला पाहून तिचे डोळेच भरले. म्हणे, "सकाळपासून पांढरा सदरा घालून बसले काकू, मले मोठेभाऊकडे जाऊ द्या म्हणते. गोळी तं तोंडात घेतच नाही. आन् बाबाले जोरात बोलायची हिंमत ना माझी, ना त्यांच्या जावयाची."

घरात दुसरं कोणी आलेलं दिसत नव्हतं. ज्याच्या दारात दसऱ्याले रांग लागे, त्याच्या खाटेजवळ एक पान नव्हतं. मले फार वाईट वाटलं. यांना पाहून इंदर पाया पडाले उठू लागला, पण अर्धं अंग हलेना. हे उंबऱ्यात थांबले होते, ते एकदम पुढे गेले, त्याच्या चांगल्या हातात सोनं ठेवलं आन् म्हणाले, "इंदर, मी भेत होतो रे तुले."

इंदरचं तोंड वाकडं झालेलं. एकेक शब्द ओढून बोलला, "मी बी... भेत होतो. तुमी सोनं... नसतं घेतलं तं?"

मग बबितानंच सांगतलं. टॉकीजमधे बाजूले बसली होती ती तिची आजी, इंदरची माय. तिले डोळ्यानं दिसत नव्हतं, पण सिनेमाची भारी हौस. म्हणून इंदर तिच्याजवळ बसून कानात सगळं सांगून राह्यला होता. घरी येऊन माय त्याले म्हणे, बायांमधे बसला, बरोबर मारलं. तुझा बाप गेल्यावर तुले रागे भरणारा हा एकच निघाला. दसऱ्याले जाय, त्याच्या पाया पड.

बोलता बोलता बबितानं गोळी पुढे केली. इंदरनं तोंड फिरवलं. आन् आमच्या यांनी असा आवाज काढला, जो मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"ए इंदर! लाज नाही वाटत? लेक कवाची उभी आहे! उघड तोंड!"

बबिता मागे सरकली. मी तं जीव मुठीत धरला. इंदर यांच्याकडे पाहतच राह्यला, आन् मग लेकरासारखं तोंड उघडलं. यांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, ओघळलेलं आपल्या बाहीनं पुसलं.

बाहेर आल्यावर हे पायरीवर बसून हमसून हमसून रडू लागले. मी म्हटलं, "अवो, आता कायले रडता? घेतली ना त्यानं गोळी."

"म्हणून तं," हे म्हणाले. "तो इतकी वर्सं बाप शोधत येत होता कुंदे, आन् मी पळून राह्यलो होतो."