थंड पाय

व्हर्लीनबाईचा हात म्हणजे आमच्या तबेल्यातला शेवटचा शब्द. केंटकीत घोडे सांभाळणारा प्रत्येक जण सकाळी घोड्याच्या पायांवरून हात फिरवतो. पाय गरम लागला तर दुखणं, थंड लागला तर बरा. पण या बाईचा हात फिरला की मालकसुद्धा गप्प. मी रॉनेट, शर्यतीच्या घोड्यांना रोज सराव देणारी तिथली घोडेस्वार. तिनं "बस" म्हटलं की बसायचं.

वसंतात जुनिपर घोडीची पायामागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, फाटली. पूर्वी असा पाय तापल्या सळईनं डागत. डॉक्टर हॅडिक्सनी मात्र घोडीच्या छातीच्या हाडातली मज्जा काढली, तिच्यातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि फाटल्या जागी सुईनं सोडल्या.

"त्या पेशी स्वतःच कंडरा होतात का हो?" व्हर्लीनबाईनं विचारलं. तिला प्रश्न पडला की समोरच्याची सुटका नाही.

"फारशा नाही. त्या गवंडी कमी, मुकादम जास्त. सूज आवरतात, शरीरातल्या कारागिरांना कामाला लावतात."

"मग माझ्या गुडघ्यातही सोडा की चार मुकादम!"

"माणसांच्या गुडघ्यांवर अजून शोध चाललाय, बाई. आणि हे मुकादम जुनिपरचे. उद्या खिंकाळायला लागलात म्हणजे?"

बाई आठवडाभर हसत होती.

ऑगस्टमध्ये पाय थंडगार, लंगडणं गायब. डॉक्टरांची तपासणी पुढच्या महिन्यात होती, पण एवढा धीर कुणाला? मालक स्टॅम्परसाहेब म्हणाले, "व्हर्लीन, हात काय म्हणतो? शरदातली शर्यत धरायची ना?"

खोटं कशाला बोलू, मी खोगीर उचललंही होतं. बाई हो म्हणणारच होती, पण तिच्या डोक्यात किडा वळवळला. सूज त्या मुकादमांनीच उतरवली असेल, तर थंडपणा कशाची खूण? सूज गेल्याची, की कंडरा सांधल्याची? तिनं डॉक्टरांना बोलावणं धाडलं. "मला आतलं दाखवा."

सोनोग्राफीच्या पडद्यावर कंडरेतलं फाटल्या जागेचं काळं भोक जेमतेम निम्मं भरलेलं.

"अगं, पण पाय थंड आहे! तुझा हात कधी चुकलाय?" साहेब कुरकुरले.

"आज चुकला असता." बाईनं पडद्याकडं बोट केलं. "दुखणं गेलंय, पाय बरा झाला नाही. आणि साहेब, पाठीवर मी बसत नाही. ही रॉनेट बसते."

मला तिथंच रडू फुटलं.

जुनिपर पुढच्या वसंतात मैदानावर आली. बाईनं पायावरून हात फिरवला, मग डॉक्टरांनी आणलेल्या सोनोग्राफीच्या पडद्यापाशी जाऊन डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बस."