उजवीकडच्या माणसासाठी प्रार्थना

परळीत आमच्या चर्चचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलवाचन, दर बुधवारी असतो. शेवटी प्रत्येकानं आपल्या उजवीकडच्या माणसासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची, अशी रीत आहे. गेल्या महिन्यात माझ्या उजवीकडे शाळेत शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी मार खाऊन सासरहून आली होती आणि नात तिकडेच अडकली होती. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. "देवापुढं ठेवा भाऊ, माणसांपुढं नको."

मी डोळे मिटले. मला प्रार्थना चांगली येते असं लोक म्हणतात आणि ते मला आवडतं. मुलगी, जावई, मारहाण, सगळं मी भरल्या गळ्यानं देवाला सांगितलं. 'आमेन' म्हणून पाहिलं तर बाई आपल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

रविवारपर्यंत ते सासरी पोहोचलं. नातीला पाठवायला ती माणसं जवळजवळ तयार झाली होती. "चर्चमध्ये आमची अब्रू काढली," म्हणून त्यांनी शब्द फिरवला.

मी फोनवर माफी मागितली, मग दारात जाऊन मागितली. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "ठीक आहे." मला ते पुरेना. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. मनात अढी ठेवून आमच्यात कुणी ती भाकर घेत नाही. बाईंनी घेतली नाही तर सगळ्यांना कारण कळणार होतं.

त्याआधीच्या बुधवारी पाठ निवडायची पाळी माझी होती. भावांनी विकलेला आणि पुढे मिसरात अधिकारी झालेला, त्या भावाची बायबलमधली गोष्ट मी निवडली. दुष्काळात धान्य मागायला आलेले भाऊ त्याला ओळखत नाहीत; शेवटी तो ओळख देऊन त्यांच्या गळ्यात पडून रडतो, तो भाग मी वाचला आणि म्हणालो, "खरी क्षमा अशी असते. मागचं काही मनात ठेवत नाही."

"आधीचं वाचा की," बाई म्हणाल्या. "गळ्यात पडण्याआधी त्यानं त्यांना कोठडीत टाकलं. एकाला अडकवून ठेवलं. पारखून घेतलं."

"ती परीक्षा होती, बाई. क्षमा नंतर आली."

"मला तसं वाटत नाही. माफ त्यानं आधीच केलं असेल. ओळख मात्र लगेच दिली नाही."

ज्यांच्या घरी आम्ही जमतो ते थर्मल वीजकेंद्रातून निवृत्त झालेले काका हसले. "आमची मंडळी तर मला रोजच पारखती. माफी अजून मिळाली न्हाई." कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

"भाऊ, तुम्हाला मी माफ केलंय," त्या म्हणाल्या. "रविवारी भाकर घेईन. पण माझ्या घरासाठी तुम्ही प्रार्थना करायची नाही."

"मग ती क्षमा कशी?" माझा आवाज चढला.

काकांनी चष्मा काढला. "तुला माफी पायजे, का पयल्यासारखं सगळं पायजे? तेवढं सांग."

मी बायबल मिटलं. बाई प्रार्थनेला न थांबता निघून गेल्या.

बायकोही अभ्यासाला होती. घरी जाताना ती म्हणाली, "तो पाठ तुम्ही त्यांच्यासाठीच काढला होता ना?"

"देवानं सुचवला," असं तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "हो."

तिला घरी सोडून मी तसाच बाईंकडे गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"माफी मागायला आलो नाही," मी म्हणालो. "आजचा पाठ मी तुम्हाला सगळ्यांसमोर कोंडीत पकडायला निवडला होता. तेवढं सांगायचं होतं."

"तुम्ही वाचतानाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या.

आत मुलगी फोनवर बोलू लागली. सासरचं कुणीतरी असावं, कारण ती विनवत होती. बाईंनी एकदा मागं पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिचे शब्द मला नीट ऐकू येण्याआधी दार लावून घेतलं.