साहेबांचं पथ्यपाणी

प्राणी आपल्या आहारात कधी चुकत नाही. चुकतो तो माणूस.

हे वाक्य माझ्या औरंगपुऱ्यातल्या क्लिनिकच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत, फ्रेम करून लावलेलं आहे. त्या दिवशी बरोबर त्याच्याखाली, तपासणीच्या टेबलावर, एक पांढरंशुभ्र पर्शियन मांजर मान लांब करून खोकत होतं. पोट आत ओढलं जात होतं आणि घशातून कोरड्या हातपंपासारखा आवाज येत होता. शेवटी त्यानं बोटाएवढा एक ओला, लांबट गोळा टेबलावर टाकला आणि हे कुणा दुसऱ्याचंच काम आहे अशा चेहऱ्यानं खिडकीबाहेर बघायला लागलं.

“बघा,” जोशीकाका म्हणाले, “रोजचं झालंय. साहेबांना दमा आहे का हो?”

साहेब म्हणजे मांजर. काकांची सगळी हयात सरकारी कचेरीत कारकुनीत गेली. रिटायर झाल्यावर घरात कुणीतरी साहेब लागतो, नाहीतर चुकल्यासारखं वाटतं, असं ते सांगत. मांजर खरं मुलाचं. त्याची बंगळूरला बदली झाली आणि साहेब काका-काकूंच्या मुकुंदवाडीच्या फ्लॅटवर रुजू झाले.

“दमा नाही,” मी म्हणालो. “केस आहेत. त्याचेच.”

मी मेंढपाळाच्या घरातला. आमच्याकडे जनावराच्या अंगावरची लोकर कातरून बाजारात नेतात. हे जनावर ती स्वतःच चाटून गिळतं. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना सुटलेले केस त्यात अडकतात आणि थेट पोटात जातात. बरेचसे विष्ठेवाटे निघून जातात, उरलेल्यांचा पोटात गोळा होतो आणि तो आल्या वाटेनं परत येतो. याला हेअरबॉल म्हणतात. घरकोंबड्या, लांब केसांच्या मांजरांना हा त्रास जास्त. त्यांना दुसरं काम नसतं, म्हणून ती दिवसभर स्वतःला चाटत बसतात. अधूनमधून एखादा गोळा पडला तर घाबरू नये. वरचेवर पडायला लागला तर डॉक्टरला दाखवावं. नुसतीच उबळ येतेय, बाहेर काही पडत नाही आणि खाणंही सुटलंय, असं असेल तर लगेच दाखवावं. आतडं अडलेलं असू शकतं.

“खायला काय देता?”

“सात्त्विक,” काका म्हणाले.

सकाळी दूध-पोळी. दुपारी दहीभात. संध्याकाळी मुलानं पाठवलेलं परदेशी कोरडं खाद्य, तेही चवीपुरतं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी.

“मांजराला उपास?”

“हिचं म्हणणं, घरात राहायचं तर घरासारखं राहायचं.” काकांनी आवाज खाली आणला. “डॉक्टर, परवा यांनी देवघरासमोर गोळा टाकला. तोही हिच्या सोवळ्यावर. ती म्हणाली, पुन्हा तिथं पडला तर मांजर पैठणला भाच्याच्या शेतावर. ती बोलते ते करते.”

साहेबांनी उंदीर पाहिला असेल तर टीव्हीवर. शेतावरच्या कुत्र्यांनी त्याला दिवस मावळेपर्यंतसुद्धा ठेवलं नसतं.

“घरात आम्ही दोघंच,” मांजराच्या पाठीवर हात फिरवत काका म्हणाले. “हिच्याशी बोलतो त्यात निम्मं भांडण असतं. साहेब ऐकून तरी घेतात.”

काकांनी खाद्याचं पाकीट सोबत आणलं होतं. पुढच्या बाजूला सिंह, हिमशिखर आणि ‘राजेशाही वारसा’ वगैरे मजकूर होता. पाकिटाची पुढची बाजू कंपनीचा कवी लिहितो आणि मागची वकील. आपण वकिलाची वाचावी. घटकांच्या यादीत पहिलं नाव मांसाचं किंवा माशाचं हवं, आणि तेही नाव घेऊन: चिकन, टूना, असं. धान्यानं सुरू होणारी यादी असेल तर पाकीट दुकानातच राहू द्यावं. खाद्य मोठ्या मांजरासाठीचा पूर्ण आहार आहे असं लिहिलेलं हवं. थोडा चोथा, म्हणजे फायबर, हवा. तो केसांना पुढं ढकलतो. आणि पाणी हवं. मांजर मुळात कोरड्या मुलखातलं जनावर, पाणी प्यायचा त्याला कंटाळा. म्हणून नुसतं कोरडं देण्यापेक्षा सोबत ओलं खाद्य द्यावं. हेअरबॉलसाठी म्हणून वेगळं खाद्यही मिळतं. त्यात मुख्यतः चोथा जास्त असतो, चमत्कार नसतो.

“दूध बंद,” मी म्हणालो. “बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही. दहीभात बंद, खिचडी बंद. ओलं खाद्य, कधी उकडलेलं चिकन, त्यात चमचाभर शिजवलेला लाल भोपळा. सगळं एकदम बदलू नका, जुन्यात नवं मिसळत न्या. आणि रोज ब्रश करा. ब्रशवर आलेला केस पोटात जात नाही.”

काकांनी काकूंना फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यासमोर धरला. सरकारी कचेरीत अवघड फाइल अशीच वर पाठवत असतील.

“डॉक्टर, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही,” काकू म्हणाल्या.

“काकू, गाईला मटण चारा असं मी म्हणालो तर काय म्हणाल?”

“वेड लागलं म्हणेन.”

“मांजराला दहीभात म्हणजे तेच.”

काकू मुद्द्यावर आल्या: “शिजवणार कोण? मी नाही आणि ह्यांना चहासुद्धा येत नाही.”

तेवढ्यात फोनमधून दुसरा आवाज आला. समोरच्या फ्लॅटमधल्या नजमाआपा बहुतेक दारातच उभ्या होत्या. “काकी, उसमें क्या है? हमारे यहाँ तो बनताच है. नमक-मसाला नक्को, खाली उबालके देती मैं. साहब की प्लेट इधर लगा देंगे.”

असा तोडगा निघाला. साहेबांनी जेवायला समोर जायचं. ओल्या खाद्याची पाकिटं आपांच्या फ्रिजमध्ये राहतील. परत येताना उंबऱ्यावर काका त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसतील, मगच घरात प्रवेश.

पथ्य लागू पडलं. काका पुढच्या खेपेला पेढे घेऊनच आले. गोळे जवळजवळ थांबले होते, अंगावर तुकतुकी आली होती आणि जेवणाची वेळ झाली की साहेब आपणहून आपांच्या दाराशी बसत होते. मी स्वतःवर खूश होतो. भिंतीवरच्या वाक्याकडे एकदा कौतुकानं पाहिल्याचंही आठवतं.

चातुर्मास लागला आणि गोळे परत सुरू झाले.

काका आले तेव्हा त्यांच्या एका हातात मांजराची टोपली होती आणि दुसऱ्या हातात श्रीखंडाचा रिकामा डबा. तो रिकामा नव्हता.

“काल पडला. देवघरासमोरच,” ते म्हणाले. “रविवारी भाचा गाडी घेऊन येतोय. हिनं कालच फोन केला त्याला.”

“ब्रश करता ना? खाणं तेच?”

“अगदी तेच. आपांकडचं ताट रोज चाटूनपुसून साफ. माझं कुठं चुकलं सांगा. ती साहेबांची पिशवी भरायच्या आत सांगा.”

मी गोळा ट्रेमध्ये कोमट पाण्यात सोडला आणि चिमट्यानं उकलायला लागलो. केसांचा गोळा पाण्यात हळूहळू सुटतो. यातले थोडे केस सुटले, बाकीचा ऐवज फुगून तसाच राहिला. पांढऱ्या मांजराचा पांढरा गोळा, म्हणून वरून काही कळत नव्हतं. पाण्यावर तेलकट तवंग आला. मी वास घेतला. मग चिमट्यात एक तुकडा उचलून उजेडात धरला. खाली पसरट, वर पिळदार टोक. केस कितीही गुंतले तरी त्यांना टोक येत नाही.

“काका, काकूंचं काही व्रत चालू आहे का?”

“लाख वातींचा संकल्प आहे. गुलमंडीतून पिशवी भरून कापूस आणलाय. संध्याकाळी सिरियल बघत फुलवाती वळते, साजूक तुपात भिजवते आणि डबा देवघराशी ठेवते.”

“डब्याला झाकण?”

काका विचारात पडले. “तूप थिजेपर्यंत उघडाच असतो.” मग त्यांनी टोपलीकडे पाहिलं. साहेब मिशी चाटत होते.

मी पोट चाचपलं, सोनोग्राफी करून घेतली. आत काही अडकलं नव्हतं. फुलवात म्हणजे कापसाचा पुंजका, तो उलटून तरी पडतो. समईची लांब वात गिळली असती तर आतड्यात ताणली जाऊन ऑपरेशनची पाळी आली असती. हे सगळं मी काकूंना फोनवर सांगितलं.

“म्हणजे माझा संकल्प ह्यानं खाल्ला?”

“थोडा.”

मागून नजमाआपा हसल्या. “मैं बोली थी ना काकी, ये इत्ता सीधा नै है. इधर चिकन, उधर घी!”

“तू थांब गं,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर, खाल्लेल्या वाती लाखात धरायच्या की परत वळायच्या?”

“तो माझा विषय नाही.”

“मग कुणाला विचारू? गुरुजींना हे सांगायचं कोणत्या तोंडानं?”

काका फोनजवळ वाकले. “अगं, मग रविवारचं काय? भाच्याला काय कळवू?”

काकू म्हणाल्या, “शेतावर कसला पाठवताय? देवाचं खाल्लंय त्यानं. भाच्याला म्हणावं, ये, जेवून जा. आणि येताना घट्ट झाकणाचा डबा आणा तुम्ही.”

काकांनी टोपली छातीशी धरली आणि फी द्यायला विसरून रिक्षात जाऊन बसले.

त्यानंतर साहेबांनी पुन्हा देवघरासमोर काही टाकल्याचं ऐकलं नाही. नवा डबा दोन कड्या लावून बंद होतो. साहेब रोज त्याच्यासमोर बसून असतात आणि काकूंना त्यात भक्ती दिसते. मी मात्र तेव्हापासून केसपेपर लिहिताना एक प्रश्न वाढवला आहे. मांजराच्या ताटात काय असतं हे विचारून झालं की घरात तूप कुठंकुठं असतं तेही विचारतो. लोकांना वाटतं, डॉक्टरांना भूक लागली असेल.

प्राणी आपल्या आहारात कधी चुकत नाही, हे वाक्य अजून भिंतीवर आहे. फ्रेम खाद्य कंपनीच्या प्रतिनिधीनं भेट दिली होती. काढली असती, पण तिच्यामागं भिंतीचे पोपडे निघालेत.