आईची पंचमीची खंत

वर्षातला एक दिवस सोडला तर माझ्या आईला खंत करायला सवड नसते. तो दिवस नागपंचमीचा. आमच्याकडे पंचमीला तवा चढत नाही आणि काही चिरायचं-कापायचंही नाही. आता माझा धंदाच कडक भाकरीचा. त्यामुळे शेडमधल्या सगळ्या चुली थंड, थापायला येणाऱ्या बायका आपापल्या घरी, आणि आम्ही मायलेकी पुरणाची दिंडं खाऊन पंख्याखाली समोरासमोर बसलेल्या. मग आई सुरू करते.

“लई हाल केलं गं तुझं.”

वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची. पाठचा भाऊ पाच वर्षांचा, बहीण मांडीवरची. आई टॉवेलच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायला लागली आणि घर माझ्याकडे आलं. भाकरी मी तेव्हाच शिकले. कडेला चीर गेली तर आई ती मोडून पुन्हा थापायला लावायची. रागावली की माहेरच्या मैंदर्गीच्या कानडीत बोलायची. त्या भाकरीवर आज माझं घर चालतं आणि सोलापुरातल्या दहा बायकांचंही चालतं. हे मी तिला दर पंचमीला सुनावते. मी काही कुणाची बिचारी नाही, आणि आईने मला बिचारी म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

यंदाही तेच झालं. हाल केले म्हणून झालं, मग गाडी नेहमीच्या वळणाने धाकट्यांवर गेली. भावाने लहानपणी कुणाच्या तरी लग्नात खिशात जिलब्या भरल्या आणि पाकाने चड्डी अंगाला चिकटली. बहीण उंटवाल्याच्या मागे पार चौकापर्यंत गेली आणि उंट घरी आणायचा म्हणून रस्त्यात लोळली. या गोष्टी मला तोंडपाठ आहेत. तरी आई सांगताना अशी खुलते की अडवावंसं वाटत नाही.

यंदा मात्र मी अडवलं. “त्या दोघांचं झालं की. आता माझी एक सांग.”

“तुझी? तू आठव्या वर्षी भाकरी...”

“भाकरीची नगं. दुसरी सांग.”

आई विचार करायला लागली. कुणाच्या लग्नाला आमच्या किती भाकऱ्या गेल्या हे माझ्या आधी सांगणारी बाई ती. साडीचा पदर बोटाला गुंडाळत राहिली आणि शेवटी म्हणाली, “आठवत न्हाय गं.”

मी हसण्यावारी न्यायला गेले. ती हसली नाही.

“हाल सगळ्यांचंच झालं,” ती म्हणाली. “त्याचं मला काय न्हाय. ती दोघं तरास द्यायची, तवा त्यांच्याकडं बगावंच लागायचं. तू तरास दिलाच न्हाईस. शाणी हाय माजी लेक म्हनून मी निघून जायची. तुज्याकडं बगायचंच ऱ्हायलं. हीच खंत हाय की.”

इतकी वर्षं मी तिला भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. मला फार वाईट वाटलं, आणि लगेच रागही आला. माझं लहानपण असं कुणाच्याच जवळ नाही म्हणजे काय? माझ्याजवळ तर आहे. मी मांडी घातली आणि सांगायला बसले.

शेजारच्या शेळीला मी पाढे शिकवायचे आणि चुकली म्हणून तिचा कान धरायचे, ते सांगितलं. भिंतीचा चुना चाटायचे, तेही. माळशिरसला माझी एक श्रीमंत आत्या आहे आणि ती उसाच्या गाडीत बसून मला न्यायला येणार, अशी थाप मी वर्गात ठोकली होती. नसलेल्या आत्याच्या जिवावर वर्षभर मैत्रिणींकडून चिंचा खाल्ल्या. आई तोंड उघडं टाकून ऐकत होती. आत्यापाशी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “लई गं लबाड तू,” म्हणाली. “मग? फुडं?”

मी सांगत गेले. मध्येच तिने हळूच विचारलं, “मी कामाला गेल्यावर रडायचीस का?”

मी कधी रडले नाही, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय. बचत गटाने सत्कार केला तेव्हा माईकवरूनही सांगितलं, टाळ्या मिळाल्या.

“व्हय,” मी म्हणाले. “तू कोपऱ्यावरनं वळलीस की. पिठाच्या डब्याआड बसून.”

“किती येळ?”

“धाकटी दोगं उटेस्तवर.”

आई सरकत माझ्याजवळ आली. माझी हनुवटी धरून तिने चेहरा आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली.