भेटून या

पहिल्या भेटीत दूधसंस्थेच्या चेअरमनचा पाय गुडघ्याखाली मोडला. आम्ही तो मोडण्यासाठी गेलो नव्हतो. नव्वदच्या निवडणुकीत साहेब अपक्ष म्हणून पहिल्यांदा आमदार झाले होते आणि ज्या घरांनी त्यांना मते दिली, त्या घरांचे दूध हा चेअरमन फॅट लागत नाही असे सांगून रोज परत पाठवीत होता. तक्रार घेऊन आलेल्या बायका अंगणात बसल्या होत्या. साहेबांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले, पानाचा डबा बंद केला आणि आम्हा तिघाचौघांकडे पाहून नेहमीच्या मवाळ स्वरात म्हणाले, "त्यांना जरा भेटून या."

मी तेव्हा साहेबांच्याच शिक्षणसंस्थेच्या हायस्कुलात मराठी शिकवीत असे आणि त्यांची भाषणे लिहून देत असे. म्हणून बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोन वाक्ये नीट बोललो. तिसऱ्याच्या आत चेअरमनने साहेबांच्या आईवरून शिवी हासडली आणि आमच्याबरोबरच्या पैलवानाने दुधाने भरलेला कॅन दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पायावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा निघतो, हे मला त्या दिवशी कळले. दूध पायऱ्यांवरून गटाराकडे वाहत गेले आणि वाहताना हळूहळू गुलाबी होत गेले. माणसे रांगेत भांडी घेऊन उभी होती. कोणीही पुढे आले नाही.

आम्ही जीपने परतलो. साहेब आता आपल्याला दारात उभे करणार नाहीत, अशी माझी खात्री होती. त्यांनी पैलवानाच्या पँटवरचे डाग पाहिले आणि विचारले, "झाली का भेट?" मग आत वळून चहा सांगितला.

त्या चहाबरोबर एका साध्या शब्दाला दुसरा अर्थ मिळाला.

पुढची वीस वर्षे साहेबांच्या राजकारणाची होती आणि त्या शब्दाचीही. पंच्याण्णवला ते एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, नव्याण्णवला दुसऱ्या. चिन्ह बदलले, झेंडा बदलला. गट मात्र तोच राहिला. अर्ज भरण्याआधी ते दर वेळी वाडीला जाऊन दत्ताच्या पादुकांवर डोके ठेवीत आणि तेथून थेट तहसील कचेरीत येत. त्यांनी काम केले नाही, असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. नदीवर बंधारे बांधले, डोंगरातल्या वाड्यांवर एसटी नेली, कोणाच्याही मयताला ते घरच्या माणसाआधी पोचत. पोलिसांना, पत्रकारांना, विधानसभेतल्या सहकाऱ्यांना त्यांच्या तोंडचा एकही वावगा शब्द कधी सापडला नाही, कारण त्यांच्याजवळ तसा शब्द नव्हताच. ते फक्त भेटून या म्हणत.

तालुक्याला हे ठाऊक होते. एसटी स्टँडवर कोणी परगावचा माणूस आमदारांचा पत्ता विचारू लागला, की पानपट्टीवाला म्हणे, "खुशाल जावा की पावणं, लई चांगला माणूस. फकस्त त्यांच्याकडनं कोण तुमाला भेटाय आलं, तर कडी लावून घ्या." मग सगळी पानपट्टी हसे. मीही हसलो आहे.

नव्याण्णवच्या मतदानादिवशी केंद्राबाहेर दगडफेक झाली. एक दगड माझ्या डोक्यात बसला. पत्नीने परातीत पाणी घेऊन केसांतले रक्त धुतले. पाणी दोनदा बदलावे लागले. त्याच आठवड्यात साहेबांच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला आणि विरोधी गटाच्या एका घराची वैरणीची गंजी पेटवली गेली. गंजीला लागूनच गोठा होता. दावणीला बांधलेला बैल दावे तोडू शकला नाही. त्याचे ओरडणे मी रस्त्यावरून ऐकले आणि जीपच्या काचा वर केल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या नावाने शांततेचे आवाहन निघाले. ते मी लिहिले होते. भाषा शुद्ध होती, 'संयम' हा शब्द त्यात तीन वेळा आला होता आणि वाचून साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

दोन हजार चारच्या निवडणुकीत माझ्या मामांनी घरावर विरोधी गटाचा झेंडा लावला.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ आणि माझे सासरेही. आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. चौदा वर्षे त्यांनी आपले गाव साहेबांच्या मागे उभे ठेवले होते. त्या वर्षी साहेबांनी जिल्हा परिषदेसाठी त्यांना दिलेला शब्द फिरवला, आणि मामा चिडले तर माघार घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या गावाची मते गेली, तर साहेब पडतील, असा सर्वांचा हिशेब होता.

सकाळची वेळ होती. ओसरीत कार्यकर्त्यांची गर्दी होती. साहेब भाकरी खात होते. घास गिळून ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचे मामा रुसलेत. भेटून या."

पैलवानाने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी मी एवढेच विचारायला हवे होते, "साहेब, बोलून येऊ ना?" इतकी वर्षे मी त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे वळून पाहतो आणि तो का विचारता आला नाही, हे मला आता समजते. तो प्रश्न विचारणे म्हणजे भेटीला दुसरा अर्थ आहे, हे मोठ्याने मान्य करणे. आमच्यात ते कोणी कधीच केले नव्हते. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट न बोलणे, यालाच आम्ही निष्ठा म्हणत होतो. मी मान डोलावली.

घरी चपला बदलायला गेलो, तोवर पत्नीच्या कानावर आले होते. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "आई गेल्यापासनं मला माहेर म्हणजे आप्पा एवढंच हाय," ती म्हणाली. "त्यांच्या अंगाला हात लागला, तर मी कुठं जायाचं, ते सांगून जावा."

"मी बरोबर आहे ना," मी म्हणालो.

"चेअरमनकडं बी तुम्ही बरोबरच गेलता."

जीपमध्ये पैलवान पुढे बसला होता. घाट उतरल्यावर तो मागे न पाहता म्हणाला, "मास्तर, तुमचं सासरं हाय. तुम्ही गाडीतच बसा. मी बघतो."

"मी बोलणार आहे. तुम्ही कोणी हात उचलायचा नाही."

"साहेबांनी बोलून या म्हटलं असतं, तर बोलून आलो असतो की. भेटून या म्हटलंय."

"माझे मामा आहेत ते, पैलवान."

"म्हणून तर गाडीत बसा म्हणतोय."

कोणीतरी आधीच फोन केला होता. मामांच्या अंगणात त्यांचे भाऊ आणि पुतणे जमले होते. हातांत काठ्या होत्या, दोघांकडे ऊसतोडीचे कोयते. मामा उखळाच्या दगडावर बसून तंबाखू मळत होते.

"या जावयबापू," ते म्हणाले. "भेटाय आलासा न्हवं? आम्ही बी सकाळधरनं तुमास्नी भेटायलाच बसलोय."

पुतणे हसले. मी खाली उतरलो. "मामा, मी बोलायला आलोय. शपथ घेऊन सांगतो."

"बोलाय येणारा माणूस गाडी बंद करतो," मामा म्हणाले. "तुमची तर चालूच हाय."

ते खरे होते. भेटीला गेल्यावर जीपचे इंजिन बंद करायचे नाही, ही ड्रायव्हरची वर्षानुवर्षांची सवय. निघताना वेळ जाऊ नये म्हणून. मला तो आवाज ऐकूच येत नव्हता, इतका तो ओळखीचा झाला होता. गाडी बंद कर, हे सांगण्यासाठी मी मागे वळलो. माझे वळणे एका पुतण्याला इशारा वाटले. त्याची काठी पैलवानाच्या डोक्यात बसली.

त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. पैलवानाच्या डोळ्यांत रक्त उतरलेले होते आणि तरी त्याने त्या पुतण्याचे मनगट पिरगळून खांद्यातून निखळवले होते. आमच्या एकाच्या दंडावर कोयता बसला. आतले पांढरे दिसले, मग रक्ताने ते झाकले गेले. घरात बायका किंचाळत होत्या. माझ्या पाठीवर, मग मानेवर काठ्या बसू लागल्या आणि मी गुडघ्यांवर आलो. मला मारणारी मुले लहानपणी माझ्या मांडीवर खेळलेली होती.

तेवढ्यात मामांचा आवाज आला. "सोडा त्याला! माझ्या लेकीचं कुंकू हाय त्ये, सोडा!"

ते मध्ये पडले. त्यांनी मला काखेत धरून उठवले, स्वतःच्या पाठीवर पुतण्यांच्या काठ्या घेत जीपपर्यंत ओढत नेले आणि मागच्या सीटच्या दारातून आत ढकलले. त्यांचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. पुढून पैलवान आत शिरला, त्याला रक्तामुळे दिसत नव्हते. कोणीतरी चढतो आहे, असे वाटून त्याने सीटवरून मागे वाकून ते मागचे दार सगळ्या ताकदीने ओढून घेतले. ड्रायव्हरने गाडी सोडली. बोटे दारात अडकलेली असताना मामा विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत जीपबरोबर फरफटत आले. मी दाराचा खटका शोधत होतो. आतून तो मोडलेला होता. मी ओरडत राहिलो आणि त्या ओरडण्याचा अर्थ, जोरात पळव, असा ड्रायव्हरने घेतला.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात मामांची दोन बोटे काढली. उरलेली कधी मिटली नाहीत. जबाबासाठी हवालदार आला, तेव्हा मी पडद्यापलीकडच्या खाटेवर होतो. तो विचारत होता, नावे सांगा, कोण कोण होते. मामा म्हणाले, "जावई भेटाय आलता. गाडीच्या दारात हात घावला. आनी काय न्हाय."

हवालदाराने तेवढेच लिहून घेतले. त्यातले एकही अक्षर खोटे नव्हते.

संध्याकाळी साहेब स्वतः दवाखान्यात आले. मामांनी त्यांना पाहून भिंतीकडे तोंड केले. मग साहेब माझ्या खाटेजवळ बसले. पैलवान डोक्याला पट्टी बांधून पायथ्याशी उभा होता. साहेबांचे डोळे ओले होते. "मास्तर," ते हळू म्हणाले, "मी खरंच भेटून या म्हणालो होतो."

पैलवान गोंधळला. "मग तसं सांगायचं की, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. ते खरे बोलत होते, असे मला त्या दिवशी वाटले. आज मी ठामपणे सांगू शकत नाही. तसे मानले, तर दोष शब्दावर टाकता येतो आणि माझी झोप सोपी होते. म्हणूनच मी त्या समजुतीवर फार भरवसा ठेवत नाही. एवढे मात्र खरे, की त्यांना तसे सांगायचे असते, तरी सांगायला दुसरा शब्द त्यांच्याजवळ उरला नव्हता.

मामांनी नाव घेतले नाही, म्हणून गुन्हा दाखल झाला नाही, आणि साहेब त्या वर्षी थोडक्या मतांनी निवडून आले. त्या विजयाचे भाषण मी लिहिले नाही. मी तसे सांगितल्यावर त्यांनी कारण विचारले नाही. पुढच्या जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या सर्वांत लांबच्या शाळेत झाली. दोन हजार नऊला ते पडले. मी त्या शाळेत नववीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो, बाहेर फटाके वाजत होते आणि ते आमचे नाहीत, हे समजायला मला वेळ लागला.

मामांनी पोलिसांपुढे जे केले, ते मुलीसाठी केले. दवाखान्यातून घरी जाताना त्यांनी तिला सांगितले, "तुझं घर हाय, कवाबी ये. त्यानं उंबऱ्यात पाय टाकायचा न्हाय." तिचे माहेर उरले, माझे सासर गेले. मला ती वाटणी न्यायाची वाटली. दर नागपंचमीला मी तिला त्यांच्या गावच्या फाट्यापर्यंत सोडतो. मामा तिथे येऊन थांबलेले असतात, डाव्या हाताने तिची पिशवी घेतात आणि माझ्याकडे न पाहता वळतात. मी नमस्कार करतो. तो पाठीला होतो.

गेल्या पंचमीला पाऊस कोसळत होता. माझ्याकडे छत्री नव्हती. मामा पिशवी घेऊन चार पावले गेले, थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "घरात या म्हणणार न्हाय. पर भिजत उभं ऱ्हाऊ नका. शेडात बसा."

मी एसटीच्या शेडमध्ये जाऊन बसलो. मला परत नेणारी कोल्हापूरची गाडी आली. कंडक्टरने दार उघडून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून नाही म्हटले. मला बसायला सांगितले होते, म्हणून मी बसून राहिलो.