चिंच-राखेने घासलेला डबा

अप्पाराव बोलायला उभे राहिले की माणसं तोंडातलं पान थुंकायचीसुद्धा विसरत. कुंभकोणमात शेतकी खात्याचे प्रचारक आणखीही होते, पण सरकारी कागद पोपटासारखा म्हणून दाखवायचा आणि परतीची बस गाठायची, एवढंच त्यांना ठाऊक. अप्पारावांचं तसं नव्हतं. घरात आपली तंजावरी मराठी, संध्याकाळी विठ्ठलापुढे भजन, आणि सकाळी सायकल दामटत चोळपुरम्‌ला पोचले की तमिळ, तीही थेट बांधावरची.

त्या सुमारास भातावरच्या किडीसाठी एक नवं औषध आलं होतं. औषध कसलं, जहाल विष ते. तोंडात जायलाच हवं असं नाही, नुसतं अंगावर सांडलं तरी कातडीतून आत उतरायचं. पण हात धुवा, नाक बांधा, फवारताना विडी ओढू नका, असं सांगितलं की लोक हसत. पाण्यासारखं दिसणारं थेंबभर औषध काय करणार, म्हणत.

मग अप्पारावांनी नामी युक्ती काढली. "हे औषध म्हणजे तीट्टु," ते म्हणाले. तीट्टु म्हणजे विटाळ. "मयताहून आलात तर आंघोळीवाचून चुलीपाशी जाता का? नाही ना? मग फवारून आलात तरी तेच करायचं."

झालं, एका वाक्यात सगळ्यांच्या गळी उतरलं. अलमेलु म्हणून एक शेतकरीण होती, मोठी चौकस. तिने विचारलं, "आणि रिकाम्या डब्याचं काय करायचं?"

"मातीचं भांडं विटाळलं तर काय करतेस?"

"फोडते."

"आणि धातूचं?"

"चिंच-राखेने घासून घेते."

"मग मला कशाला विचारतेस?" अप्पाराव म्हणाले, आणि सगळ्या बायका हसल्या. कागदात लिहिलं होतं की डब्याला भोकं पाडून तो पुरून टाकावा. पण चांगला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा मातीत घालायचा, हे अप्पारावांच्याच जिवावर आलं होतं. खरं सांगायचं तर तिथेच घात झाला.

घरी ते हाच पाठ बायकोला, रुक्मिणीबाईंना, रंगवून ऐकवत. रुक्मिणीबाईंना कोण कौतुक. असा एक रिकामा डबा नमुना म्हणून अप्पारावांनी परसात आणून ठेवला होता.

त्याच दिवसांत त्यांची एकुलती एक लेक पंकजा बाळंतपणाला माहेरी आली. दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. या खेपेला आठवा महिना लागला तेव्हा घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते. रुक्मिणीबाई तिरुक्करुगावूरला गेल्या. तिथली देवी गर्भ राखणारी. तिच्या पायाशी ठेवलेलं एरंडेल पोटाला चोळलं की बाळंतपण सुखरूप होतं, अशी सगळ्यांची श्रद्धा. बसच्या धक्क्यांत तेल सांडू नये म्हणून त्यांनी परसातला तो डबा घेतला. आधी चिंचेने घासला, मग राखेने, मग पुन्हा चिंचेने. उन्हात वाळवला. आरशासारखा लखलखीत झाला.

रोज संध्याकाळी लेकीला आडवी निजवून त्या ते तेल तिच्या पोटावर हळुवार चोळत. पोर आतून लाथ मारी, आणि दोघी हसत.

एका संध्याकाळी अप्पाराव फिरतीवरून आले तेव्हा पंकजा घामाने निथळत होती. तोंडातून लाळ गळत होती, दंड आपोआप फडफडत होते. त्यांनी तिची पापणी वर केली. बाहुली मोहरीहून बारीक झाली होती. हे लक्षण त्यांनीच शंभर लोकांना सांगितलं होतं. ते वाकले. एरंडेलाच्या वासाखाली दुसरा एक वास होता, लसणासारखा.

"तेल कशात आणलं होतं?"

"तुमच्या त्या डब्यात," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "नीट घासला होता हो."

साबणाने तिचं अंग धुऊन त्यांनी तिला इस्पितळात नेलं. विषाचं नाव सांगता आलं म्हणून डॉक्टरांना नेमकी सुई टोचता आली, आणि पंकजा वाचली. बाळ गेलं. मुलगी होती. डोकंभर जावळ होतं.

"माझं काय चुकलं? राख कमी पडली का?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"राखेने विटाळ जातो, विष जात नाही. पत्र्याच्या सांध्यात मुरून बसतं," अप्पाराव म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. मी शिकवलं तसंच तू केलंस." आणि हा हसतमुख माणूस इस्पितळाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला.

महिन्याभराने ते चोळपुरम्‌ला निघाले. घरातलं कुणापुढे काढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. बायकोला बोल लागला असता. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मीही येते." त्यांनी नाही म्हटलं नाही.

डबे घासू नका, भोकं पाडून पुरा, असं अप्पारावांनी सांगितलं तेव्हा अलमेलु उठली. "साहेब, परवा घासा म्हणालात, आज पुरा म्हणता. आम्ही खरं काय धरायचं?"

तेव्हा मागून रुक्मिणीबाई पुढे आल्या. "डबा मी घासला होता," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "तुमच्याहून चांगला घासला होता. माझी नात पोटातच गेली."

अलमेलु घरात गेली आणि घासून ताकाला घेतलेला औषधाचा डबा घेऊन आली. मग एकेक बाई उठली. अप्पाराव खिळा ठोकत गेले, रुक्मिणीबाई डबे धरत गेल्या.

परतीच्या बसमध्ये रुक्मिणीबाई म्हणाल्या, "पंकजा अजून आपल्याच कुशीला दोष देते आहे. आज तिला सांगायला हवं."

"मी सांगतो," अप्पाराव म्हणाले.

"नको. तेल मी चोळत होते. मीच सांगते."