लॉन्ड्रीमागची निळी बटणं

झुडपाखालचा वाळका पाला तुम्ही कधी वाकून पाहिलाय का? नसेलच. आपण पाल्याकडे बघतो ते झाडू घेऊनच.

लॉन्ड्रीवाले काकाही कधी वाकून न पाहणाऱ्यांतलेच. समुद्रालगतच्या रस्त्यावर, वाळूच्या टेकाडाला पाठ लावून त्यांची लॉन्ड्री. पुढे इस्त्रीचं टेबल, आत धुण्याच्या टाक्या, मागे टेकाडावर गुडघाभर उंचीची झुडपं. हॉटेलांच्या चादरी काका त्या झुडपांवरच पसरायचे. आणि त्याच झुडपांवर एक फुलपाखरू राहायचं, अंगठ्याच्या नखाएवढं. नर निळा, मादी मातकट. ते दुसऱ्या कशावर अंडी घालत नाही, फार लांब उडतही नाही. किनाऱ्यावर बंगले उठले, झुडपं गेली, त्यांच्याबरोबर तेही गेलं. उरलं होतं ते फक्त लॉन्ड्रीमागे.

मी भांडायलाच गेले होते.

"काका, तुमच्या चादरींखाली जीव गुदमरतायत."

"माझाही गुदमरतो, वाफेनं," इस्त्रीवरची नजर न काढता ते म्हणाले. "त्याचा मोर्चा कधी काढताय, पुढारीणबाई?"

मी तावातावाने निघून आले. पुन्हा गेले तेव्हा काका बांबू रोवून दोऱ्या बांधत होते. "शर्टाचं बटण पडलंय वाटलं मला," ते म्हणाले. "उचलायला गेलो तर उडालं की."

तेव्हापासून ती बटणंच. काकांना तर वेडच लागलं. अळी फुलोऱ्यात बसून फुलं कशी खाते, तिच्या अंगचा गोड रस चाटत मुंग्या तिची राखण कशी करतात, हे दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात कपडे द्यायचे नाहीत. अळी पूर्ण वाढली की खाली उतरते, वाळक्या पाल्यात कोष करते आणि पुढच्या फुलोऱ्यापर्यंत तिथेच पडून राहते. पण हे ऐकायला त्यांचा मुलगा कधी थांबलाच नाही. "बाबा, दुकानात रांग लागलीय आणि तुम्ही मुंग्या कसल्या दाखवताय?"

मग काकांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. फुलोरा जवळ आला होता. काकांचं एकच मागणं होतं, "एकदा बटणं बघतो. मग तुम्हाला काय करायचं ते करा."

मुलाने लॉन्ड्रीच्याच मागच्या खोलीत, झुडपांकडच्या खिडकीशी खाट लावली. परटाचं घर ते, डाग म्हणजे नाचक्की. बाबा येणार म्हणून त्याने खोलीला चुना दिला, खिडकीची काच लख्ख पुसली. मग झुडपांखालचा सगळा पाला दाताळ्याने ओढून काढला आणि जाळला.

मी पोचले तेव्हा वाळूवर दाताळ्याचे ओरखडे होते आणि कडेला राखेचा ढीग. राग माझ्या नाकावर कायमचा बिऱ्हाडाला. तोंड उघडणार, तोच खाटेवरून काकांनी माझं मनगट धरलं.

"किती स्वच्छ केलंय बघ पोरानं," ते म्हणाले. मुलगा शेजारीच उभा होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तो पाणी आणायला आत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "मी गेल्यावर सांग त्याला. आणि ओरडून नको."

झुडपं फुलली. मुंग्या फांद्यांवर चढायच्या आणि राखायला कोणी नाही म्हणून उतरायच्या. काका खिडकीतून बघत राहायचे.

"आलं का, बाबा?" हातातली इस्त्री ठेवून मुलगा विचारायचा.

"येईल रे. ऊन तर पडू दे नीट."

फुलं तांबूस पडून गळायला लागली, त्याच सुमारास काका गेले.

मी मुलाला सांगितलं. ओरडले नाही. घडी घातलेला शर्ट त्याने उलगडला, पुन्हा इस्त्री केली, पुन्हा घडी घातली.

आता लॉन्ड्रीमागे झाडू न्यायची कुणाची टाप नाही. पाला पुन्हा साचलाय, चांगला जाड. फुलोऱ्याच्या दिवसांत मुलगा भरदुपारी दुकान बंद करतो आणि झुडपांसमोर बादली पालथी घालून बसतो. गिऱ्हाइकं शिव्या देतात, तो ऐकून घेतो. अजून एकही बटण दिसलेलं नाही.

तुमच्या किनाऱ्यावर असली झुडपं उरली असतील, तर त्यांच्याखालचा पाला राहू द्या. आणि झुडपांवर नखाएवढं निळं काही उडताना दिसलं, तर आधी लॉन्ड्रीत जाऊन त्याला सांगा.